रांगेत बसलेला आजार

प्रस्तावना

भारतातल्या वयस्क माणसांच्या प्रकृतीची आजवरची सर्वांत मोठी पाहणी ‘लासी’ या नावानं ओळखली जाते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये तिची पहिली फेरी केली आणि पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून जास्त लोकांना भेटून माहिती घेतली. त्यांतल्या साठी ओलांडलेल्यांना मन, झोप, भूक, थकवा यांविषयी रीतसर प्रश्न विचारले, तेव्हा शंभरांत आठांहून थोड्या जास्त जणांना नैराश्याचा आजार असावा असं दिसलं. ‘डॉक्टरांनी तुम्हाला हा आजार असल्याचं कधी सांगितलं का?’ या प्रश्नाला मात्र हो म्हणणारे ०.८ टक्केच होते. म्हणजे आजारी असलेल्या दहांपैकी एकाचं दुखणं कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, आणि नऊ जण ते अंगावर काढत होते. हे पुस्तक त्या नऊ जणांसाठी आहे.

२०११ च्या जनगणनेत खान्देशातल्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाख ३० हजार आणि धुळे जिल्ह्याची सुमारे २० लाख ५० हजार होती. महाराष्ट्रात तेव्हा दहातलं जवळपास एक माणूस साठीपुढचं होतं. ढोबळ हिशेबानंही या दोन जिल्ह्यांत सहा लाखांच्या वर वडीलधारी माणसं निघतात, आणि लासीचं प्रमाण त्यांना लावलं तर पन्नास हजारांच्या आसपास माणसं या आजारानं ग्रासलेली असावीत. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण त्यानंतरच्या वर्षांत वयस्कांचा वाटा वाढतच गेला आहे.

ही माणसं कुठं आहेत? ती दवाखान्यात आहेत. चोपडा, पारोळा, साक्री, शिंदखेडा, कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहा. कोणी बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला आलं आहे, कोणी गुडघ्यांसाठी, कोणी पोटातल्या गॅससाठी. त्यांतले काही जण महिन्यातून तीन-तीनदा येतात. ‘जीव घाबरस’, ‘करमत नही’, ‘हातपाय गळून जातात’, ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही’, ‘घास गिळवत नाही’. रक्त-लघवी तपासून झाली, ईसीजी काढून झाला, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल आलं. मग एक सलाईन लागतं, ताकदीचं इंजेक्शन होतं, झोपेची गोळी मिळते आणि दोन आठवड्यांनी तेच माणूस त्याच बाकड्यावर परत येऊन बसतं. आपण म्हणतो की खान्देशात मनाच्या आजारावर उपचार मिळत नाहीत, कारण मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत. तज्ज्ञ कमी आहेत हे खरं. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता पडत नाही. पण या पुस्तकाचं म्हणणं वेगळं आहे. रुग्ण आधीच दवाखान्यात पोहोचला आहे, खर्चही करतो आहे, गोळ्याही घेतो आहे. फक्त त्याच्या खऱ्या आजाराबद्दल त्याला कोणी विचारलेलं नाही.

वयस्क माणसाच्या नैराश्यात दुःख दर वेळी पुढे येत नाही. तरुण माणूस ‘मला रडू येतं’ असं सांगतो. सत्तरीचं माणूस बहुधा शरीराबद्दल बोलतं. हे नाटक नसतं. हा आजार झोपेचं घड्याळ बिघडवतो, भूक मारतो, वेदना जास्त जाणवायला लावतो, पचन मंदावतो, हालचाल जड करतो. पहाटे तीन-चारला जाग येणं आणि दिवसातली ती पहिली वेळच सर्वांत वाईट जाणं, ही त्याची जुनी खूण. म्हणून ‘तुम्ही उदास आहात का?’ या प्रश्नाला ‘नाही हो, मला काय कमी आहे’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात. गेल्या दोन आठवड्यांत, पूर्वी ज्यात मन रमायचं त्यातली गोडी गेली आहे का? आणि या दिवसांत मन खचल्यासारखं, आता काही खरं नाही असं वाटत राहिलं आहे का? जगभरातले डॉक्टर पहिल्या चाळणीसाठी हे दोन प्रश्न वापरतात. त्यांना यंत्र लागत नाही, दोन मिनिटं लागतात. उत्तर होकारार्थी आलं तर पुढची सविस्तर प्रश्नावली करायची. वयस्कांसाठी खास तयार केलेली, हो-नाही एवढ्याच उत्तरांची पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. आशाताई किंवा नर्सताई ती सहज वाचून दाखवू शकतात.

मग विचारलं का जात नाही? कारण मुलगा, सून, डॉक्टर आणि खुद्द ते म्हातारं माणूस, या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं: ‘आता वयच झालं.’ एके काळी दिसेनासं होण्याबद्दलही आपण हेच म्हणत होतो. म्हातारपणी डोळे जायचेच, असं धरून घरातल्या आजीला कोपऱ्यात बसवलं जायचं. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव शिबिरं झाली, आणि आज मोतीबिंदूला वयाचं कारण देऊन फारसं कोणी घरी बसत नाही. मोतीबिंदू वयानंच येतो, तरी आपण त्यावर उपचार करतो. नैराश्य तर वयाबरोबर यायलाच हवं असंही नाही. बहुतेक वडीलधारी माणसं हातपाय थकले तरी मनानं ताजी राहतात. ज्यांचं मन विझतं त्यांना आजार झालेला असतो, आणि तो बहुतेकांचा बरा होतो.

हा आजार कोणाला गाठतो? मेंदूची झीज, रक्तवाहिन्यांचे आजार, घराण्यातली प्रवृत्ती ही कारणं सगळीकडे सारखी. लकवा होऊन गेलेल्या माणसांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना नंतर नैराश्य येतं. मधुमेह, पार्किन्सन, हृदयविकार, दीर्घ दुखणी यांच्याबरोबरही ते येतं. पण ज्या आयुष्यात ते येतं ते आयुष्य प्रत्येक मुलखाचं वेगळं असतं. रावेर-यावल पट्ट्यातला केळी पिकवणारा शेतकरी एका वादळात उभी बाग आडवी झालेली पाहतो, आणि सत्तरीत ती पुन्हा उभी करायची ताकद आपल्यात नाही हे त्याला पहिल्यांदा कळतं. कापसाच्या शेताची वाटणी होते, सातबारा मुलांच्या नावावर जातो. ज्याला विचारल्याशिवाय घरात बियाण्याची पिशवी येत नव्हती त्याला आता कोणी काही विचारत नाही. भुसावळला चाळीस वर्षं गाड्यांच्या वेळांवर जगलेला रेल्वेचा माणूस निवृत्त होतो आणि दिवस कशानं भरायचा हेच त्याला सुचत नाही. मुलं सुरतेला उधना-लिंबायतमध्ये नाहीतर पुण्याला कंपनीत; धुळ्याच्या घरात दोघंच, आणि पुढे एकटंच. सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगाव-साक्रीकडच्या गावांत ऊसतोडीला निघालेलं जोडपं नातवंडं आजीवर सोपवून जातं, तेव्हा साठीनंतर पुन्हा आईपण तिच्या वाट्याला येतं.

बायांचं दुखणं जास्त आणि त्याची दखल कमी. लासीमध्येही वयस्क बायांमध्ये, त्यातही विधवांमध्ये आणि एकट्या राहणाऱ्यांमध्ये, नैराश्याचं प्रमाण जास्त दिसलं. नवरा गेल्यावर हळदीकुंकू सुटतं, मंगल कार्यात पुढे होणं सुटतं, हातातला पैसा सुटतो. सून चांगली असली तरी चूल तिची झालेली असते. त्यातच ऐकू कमी येऊ लागतं, बोलणं तुटतं, आणि घरचे म्हणतात, ‘माय आता काही बोलतच नाही.’

याच मातीत असोद्याच्या बहिणाबाई चौधरी झाल्या. १८८० साली जन्म, ऐन उमेदीत वैधव्य, भाऊबंदकीतल्या वाटण्या, शेतातले कष्ट. अक्षरओळख नव्हती, त्या म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व इतरांनी ते उतरवून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांच्या कविता पुस्तकरूपात आल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. खान्देशात बहिणाबाईंचा आदर्श नेहमी सोसण्याचा म्हणून सांगितला जातो. पण त्यांचं मोठेपण याहून वेगळ्या जागी आहे: त्यांनी मनाकडे सरळ पाहिलं, त्याच्या ओढाळपणाबद्दल आणि दुखण्याबद्दल मोठ्यानं बोलल्या. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला सोसायला लावणं हा त्यांचा वारसा नाही. तिला बोलू देणं हा आहे.

पुस्तकाचा पहिला भाग हा आजार ओळखण्याबद्दल आहे, आणि त्यात सर्वांत जास्त पानं तीन गोंधळांना दिली आहेत. पहिला गोंधळ शोकाचा. जोडीदार गेल्यावर माणूस महिनोन्महिने रडतं, ते साहजिक आहे. शोक लाटेसारखा येतो-जातो; मध्ये नातवाच्या बोलण्यावर हसूही येतं. नैराश्यात मधली उसंत नसते, आणि ‘मीच कुणाच्या कामाचा नाही, मी भार आहे’ हा विचार ठाण मांडून बसतो. दुसरा गोंधळ विसरभोळेपणाचा. नैराश्य आलेलं माणूस स्वतःच सांगत येतं की मला काही आठवत नाही, आणि हे सगळं काही आठवड्यांत सुरू झालेलं असतं. स्मृतिभ्रंशात बहुधा तक्रार घरच्यांची असते, रुग्ण ती झाकत असतो, आणि सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवावं. पण नैराश्याला स्मृतिभ्रंश समजून सोडून देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण नैराश्य बरं होतं. तिसरा गोंधळ शरीराचा: थायरॉइड मंदावलेलं असणं, रक्त कमी असणं, बी-१२ जीवनसत्त्व घटलेलं असणं, काही औषधांचे परिणाम, दारू. बऱ्याच काळापासून शाकाहारी, मोजक्या आहारावर आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनवर असलेल्या वयस्क माणसांत बी-१२ तपासायलाच हवं. कान आणि डोळेही तपासायचे. ऐकू आलं, दिसू लागलं की काहींचं अर्धं एकटेपण तिथेच सुटतं.

दुसरा भाग औषधांचा आहे. या औषधांबद्दल लोकांच्या मनात भीती फार, माहिती थोडी. नैराश्यावरची आजची औषधं, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, मिर्टाझापिन यांसारखी, सवय लावणारी नशेची औषधं नाहीत. ती पहिल्या दिवशी काही करत नाहीत. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसू लागतो, पुरता फरक पडायला वयस्कांत दोन-तीन महिनेही लागतात. आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडणं, किंवा बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत बंद करणं, या दोन कारणांनी उपचार सर्वांत जास्त फसतात. बरं वाटू लागल्यानंतरही साधारण वर्षभर गोळी चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. म्हाताऱ्या शरीराला सुरुवात थोड्या मात्रेनं करायची. पण पुरेशा मात्रेपर्यंत पोहोचायचंही. घाबरून अर्ध्या मात्रेवर वर्षभर अडकून राहिलेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. जनऔषधी केंद्रात नैराश्यावरची औषधं स्वस्तात मिळतात.

खान्देशात एक धोका मुद्दाम सांगायला हवा. यांतल्या बऱ्याच औषधांनी, विशेषतः पहिल्या महिन्यात, रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हा धोका वाढतो. त्यात जळगाव-भुसावळचा एप्रिल-मे, पारा पंचेचाळिशीच्या घरात, घाम आणि नुसतं पाणी. अशा वेळी वडील एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, गुंगीत राहू लागले, तर ‘ऊन लागलं’ म्हणून घरी न ठेवता त्याच दिवशी सोडियम तपासून घ्यावं. सांधेदुखीच्या गोळ्या किंवा अॅस्पिरिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, कारण पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. जुन्या पिढीतली काही औषधं म्हाताऱ्यांना लघवी अडणं, बद्धकोष्ठ, चक्कर, हृदयाची लय बिघडणं असे त्रास देतात. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर ती टाळावी लागतात. हे सगळं वाचून औषध टाळायचं नाही. नीट लक्ष ठेवून घ्यायचं.

झोपेच्या गोळीबद्दल मात्र हे पुस्तक सक्त आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आपल्याकडे मुठीमुठीनं दिल्या जातात. त्यांनी रात्र निघते, नैराश्य जात नाही. सवय लागते, दिवसा डोकं जड राहतं, स्मरण मंदावतं, आणि रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. बऱ्याच घरांत आजोबांचं अंथरूण धरणं तिथूनच सुरू होतं. वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम बंद करणंही धोक्याचं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते.

औषधाइतकाच मोठा भाग बोलण्याचा आणि करण्याचा आहे, आणि इथे खान्देशानं पाहावं असं काम शेजारच्या गोव्यात झालं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नीट प्रशिक्षण देऊन, देखरेख ठेवून, प्राथमिक आरोग्य केंद्रांतच समुपदेशन देता येतं हे त्यांनी पद्धतशीर प्रयोगांनी दाखवलं. पुढे गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सोबत्यांनी खास साठीपुढच्यांसाठी प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार पूर्ण जडलेला नाही, पण लक्षणं दिसू लागली आहेत, अशी १८१ वयस्क माणसं त्यांनी गोव्यातल्या गावच्या आणि शहरातल्या सरकारी दवाखान्यांतून घेतली. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना समुपदेशक सहा ते आठ वेळा भेटले: अडचण नेमकी काय ती ठरवून एकेक करून सोडवायला शिकवलं, झोपेच्या सवयी बसवून दिल्या, मधुमेहासारखं दुखणं कसं सांभाळायचं ते सांगितलं, आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायला मदत केली. वर्षभरात नेहमीच्या सेवेतल्या ९० जणांपैकी १३ जणांना नैराश्याचा पुरता आजार झाला. भेटी मिळालेल्या ९१ जणांपैकी चौघांनाच झाला. १८१ ही संख्या मोठी नाही. पण हे काम मोठ्या इस्पितळात, परदेशातून आलेल्या तज्ज्ञांच्या हातून झालेलं नाही; आपल्यासारख्याच दवाखान्यात, आपल्यासारख्याच माणसांच्या हातून झालेलं आहे. त्यातली शेवटची गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: श्रावणबाळ योजनेचे अडकलेले पैसे सुरू करून देणं हासुद्धा उपचाराचा भाग होऊ शकतो.

झिंबाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून याहून पुढचं पाऊल टाकलं. हरारे शहरात दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांचं ऐकून घ्यायचं काम त्यांनी तिथल्याच आज्यांना शिकवलं, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा चांगला गुण दिसला. तिथे म्हाताऱ्या बाया उपचार घेणाऱ्या नव्हत्या, देणाऱ्या होत्या. मारुतीच्या पारावर, घराच्या ओट्यावर बसणाऱ्या आपल्या माणसांतही ही कुवत आहे. भजनी मंडळातली, ज्येष्ठ नागरिक संघातली चार माणसं शिकवून तयार केली तर गावात कोण आठ दिवस दिसलं नाही हे सर्वांत आधी त्यांना कळेल.

तिसऱ्या भागात घरी करायच्या गोष्टी आहेत. नैराश्यात माणूस काही करत नाही म्हणून आणखी खचतं, आणि खचलं म्हणून आणखी काही करत नाही. हे चक्र तोडायला ‘मन लागलं की कर’ असं सांगून चालत नाही; आधी थोडं करायचं, मन मागून येतं. पण काम त्या माणसाच्या आयुष्यातलंच हवं. ज्यांनी जन्मभर शेत केलं त्यांना बागेत ‘वॉक’ला पाठवण्यापेक्षा सकाळी मळ्यापर्यंत जाऊन पाण्याची पाळी पाहून यायला सांगा, आणि आल्यावर काय पाहिलं ते विचारा. आजीकडे वाती वळायचं, गोधडीचा टाका घालायचं, दादर ज्वारीच्या पापडांचं गणित सांगायचं काम परत द्या. श्रावणात कानबाईला सगळी भाऊबंदकी गावी जमते तेव्हा रोटांचा मान तिला द्या. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींनी एक दुपार फक्त आईबरोबर बसावं. आठवड्याचं साधं वेळापत्रक कागदावर लिहा, रोज एक छोटी गोष्ट, झाली की खूण. उन्हाळ्यात दिवसभर घरात कोंडून राहायची वेळ येते, तेव्हा पहाट आणि दिवेलागण या दोन वेळा माणसांत जाण्यासाठी राखून ठेवा. आणि ‘तुम्हाला काय कमी आहे’, ‘देवाचं नाव घ्या, सगळं ठीक होईल’, ‘मन घट्ट करा’ ही वाक्यं बंद करा. देवाचं नाव घेण्यात गैर काही नाही. पण लकव्याच्या माणसाला आपण नुसतं नाव घ्यायला सांगत नाही, डॉक्टरांकडे नेतो. इथेही तेच करायचं. भगताकडे किंवा देवस्थानाला जाणाऱ्या घरांना हे पुस्तक दोष देत नाही. फक्त सांगतं की उतारा झाला तरी गोळी चुकवू नका आणि म्हाताऱ्या जीवाला उपास, मारहाण, धुरी सोसायला लावू नका.

चौथा भाग तातडीच्या वेळेचा. माणूस जेवण-पाणी पूर्ण सोडतं, ‘माझी आतडी सडली आहेत’, ‘घर बुडालं, सगळे उपाशी मरणार’ अशा गोष्टी खऱ्या मानू लागतं, तेव्हा दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी दवाखान्यात दाखल करावं. अशा तीव्र आजारात विजेच्या सौम्य झटक्यांचा उपचार, म्हणजे ईसीटी, वयस्कांना पुष्कळदा औषधांपेक्षा लवकर आणि जास्त गुण देतो. सिनेमांनी त्याची भीती घालून ठेवली आहे. आज तो भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच करतात. तसं न करता देणं मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानं निषिद्ध आहे. आणि मरणाच्या बोलण्याबद्दल: ‘आता पांडुरंगानं बोलावलं की जायचं’ हे म्हातारपणीचं शांत बोलणं असू शकतं. पण ‘मी गेल्यावर तुम्ही सुटाल’ असं वारंवार येऊ लागलं, निरवानिरव सुरू झाली, औषधं साठवलेली दिसली, तर सरळ विचारा: ‘आप्पा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट मनावरचं ओझं उतरायला वाट मिळते. वयस्क माणूस धमकी कमी देतं आणि ठरवलेलं जास्त करतं, म्हणून या बोलण्याला कधीही हलकं घेऊ नये. फवारणीची औषधं शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा, गोळ्यांचा डबा घरच्यांच्या ताब्यात ठेवा, आणि माणसाला एकटं सोडू नका.

पाचवा भाग कुठं जायचं ते सांगतो. महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशात एकही नाही. मात्र नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना त्यांची गरजच नसते. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला लोक अजूनही ‘सिव्हिल’च म्हणतात. तिथे इतर ओपीडीसारखाच केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही सरकारी आरोग्यसेवेचाच भाग आहे. आपल्या आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार सरकारी सेवेतून हा उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकंच संरक्षण द्यायचं आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे चोपड्याहून जळगावला किंवा शिरपूरहून धुळ्याला फेरतपासणीला जाण्यासाठी त्यांना भाड्याची चिंता नको. पासष्टीपुढच्या गरजूंना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी तीन हजार रुपयांची मदत आहे. घरातून बाहेर पडणं शक्य नसेल तर मानसिक आरोग्याच्या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो आणि मराठीत बोलता येतं, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.

पुस्तक दोन प्रकारच्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. एक, घरातला मुलगा, मुलगी, सून, नातू. दुसरा, गावातला डॉक्टर, नर्स, आशाताई, औषधाच्या दुकानातला माणूस. डॉक्टरांना एक आग्रहाची विनंती आहे. तुमच्याकडे वेळ नाही हे ठाऊक आहे. सकाळच्या ओपीडीत शंभर माणसं असतात. पण जे माणूस वारंवार येतं आणि ज्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असतात, त्याला पुढचं सलाईन लावण्याआधी दोन प्रश्न विचारा. निदान झालं तर साध्या नैराश्याचा उपचार तुम्ही स्वतः सुरू करू शकता. गुंतागुंतीचा रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवू शकता. घरच्यांना सांगायचं ते असं: आईवडिलांची सेवा करणाऱ्याचाही जीव थकतो. एकट्या सुनेवर सगळं सोपवून मुलांनी फोनवरून सल्ले देऊ नयेत. पैसे पाठवणं ही मदत आहेच, पण महिन्यातले चार दिवस येऊन रुग्णाजवळ राहणं ही त्याहून मोठी मदत आहे.

वडीलधाऱ्या माणसाचं नैराश्य बरं करणं म्हणजे त्याच्या आयुष्याला वर्षं जोडण्याचा हट्ट नाही. जी वर्षं उरली आहेत ती त्याची स्वतःची असावीत, त्यात त्याला जेवणाची चव लागावी, नातवाचं लग्न पाहावंसं वाटावं, शेताच्या बांधावर उभं राहून मत मांडावंसं वाटावं, एवढीच इच्छा आहे. हे पुस्तक शेवटपर्यंत वाचायची वाट पाहू नका. आजच रात्री जेवणं झाल्यावर आई-बापूंजवळ बसा, मोबाइल बाजूला ठेवा, आणि विचारा की पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का. उत्तर नाही असं आलं, तर येत्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि बीपी-शुगरबरोबर हेही सांगा. तिथून पुढे काय करायचं ते सांगायला पुढची पानं आहेत.